कोळसा टाकू हो वावरात, पण बिल कोणाच्या नावाने फाडायचं?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाच्या वावरात आम्ही एक खड्डा खणला, वर रुंद, खाली निमुळता, कमरेइतका खोल, आणि त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळली. जाळली म्हणजे अर्धवटच जाळली. आधी थोडी पेटवायची, तिच्यावर पांढरी राख धरायला लागली की लगेच पुढचा थर टाकायचा, मग वरच्या ज्वाळाच सगळी हवा खाऊन टाकतात आणि खाली दबलेल्या पऱ्हाटीला जळायला ऑक्सिजन मिळतच नाही, ती नुसती भाजून भाजून कोळसा होते. शेवटी वरून बादल्या ओतल्या तेव्हा असा चर्रर्र आवाज झाला की धुऱ्यावर झोपलेलं कुत्रं उठून पळालं. गार झाल्यावर एक तुकडा दगडावर टाकून पाहिला तर खणकन वाजला, फुटलेल्या बांगडीसारखा. पऱ्हाटीच्या गाठी, साल, सगळं जसंच्या तसं, फक्त काळं, आणि वजन म्हणाल तर काहीच नाही. सकाळपासून दुपारपर्यंत दोघं जण राबलो तेव्हा दोन पोती निघाली. हाच तो बायोचार.

हे सगळं कशासाठी, तर भावाने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं की बायोचार टाकला की जमिनीतले जड धातू, म्हणजे शिसं, कॅडमियम वगैरे, बांधले जातात आणि भाजीत येत नाहीत. त्याचं वावर नाग नदीच्या काठाला, शहर संपल्यावर पुढे. नदी आपली म्हणायची म्हणून, शहरातून बाहेर निघेपर्यंत तिच्यात काय काय मिसळतं ते नागपूरकरांना सांगायला नको. ते पाणी मोटरने उचलायचं आणि पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), वांगी पिकवायची, वर्षानुवर्षं हेच चालू आहे. मी एकदा विचारलं तर म्हणे, "वास येते थोडासा, पन युरिया टाकाचं कामच नाही पडत नं भाऊ." पालकाची पानं खरंच तळहातापेक्षा मोठी, हिरवीगार, बघून कोणीही दोन जुड्या जास्त घेईल. आणि घेतातच, आपणच घेतो, कॉटन मार्केटला कोणी विचारतं का हा पालक कोणत्या पाण्यावरचा आहे म्हणून.

आता आजकाल नुसता बायोचार नाही तर 'मॉडिफाइड बायोचार' असा शब्द ऐकू येतो, म्हणजे कोळशावर आणखी प्रक्रिया करून त्याची धातू पकडायची ताकद वाढवलेली. जगभर यावर पेपरांचा पाऊस पडतोय, विशेषतः चीनमधून, आणि मला वाटतं की दोन-चार वर्षांत हे आपल्याकडे सबसिडीच्या पोत्यात बसून येणार. तेव्हा आधीच बोलून ठेवतो. माझा बायोचारला विरोध नाही, मी स्वतः खड्डा खणलाय बाबा. पण आपल्या नागपूरच्या जमिनीवर तीन-चार हंगाम नीट तपासल्याशिवाय आणि पैसे कोण देणार हे ठरल्याशिवाय हे शेतकऱ्याच्या गळ्यात मारलं तर त्याला माझा ठाम विरोध आहे.

आधी हे काम करतं कसं ते समजून घेऊ, कारण भांडण तिथेच आहे. जड धातू कुजत नाही, सडत नाही. शेण कुजतं, प्लास्टिकचेसुद्धा तुकडे होतात, पण शिशाचा अणू आज आहे तसाच शंभर वर्षांनी राहणार. त्यामुळे एकदा मातीत गेला की दोनच रस्ते, एक तर माती उचलून न्या किंवा धातूला जागच्या जागी असं बांधून टाका की मुळांना तो उचलता येऊ नये. बायोचार हा दुसरा रस्ता. कोळशाला बारीक बारीक छिद्रं असतात, त्याच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि शिसं, कॅडमियम हे मातीच्या पाण्यात धन भाराचे आयन म्हणून फिरतात, ते तिथे जाऊन चिकटतात. शिवाय कोळशातल्या राखेत फॉस्फेट आणि कार्बोनेट असतं, त्याच्याशी जुळून शिशाचे न विरघळणारे क्षार बनतात. आणि तिसरं, राख अल्कधर्मी असल्याने मातीचा पीएच वर जातो, पीएच वर गेला की बरेच धातू विरघळेनासे होतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, धातू कुठे जात नाही. मातीतलं एकूण शिसं तेवढंच राहतं, फक्त झाडाला मिळणारं कमी होतं. म्हणजे कुत्र्याला साखळीने बांधलं एवढंच, कुत्रं वाड्यातच आहे. साखळी किती वर्षं टिकते, कोळसा जुना झाल्यावर, पाऊसपाणी खाल्ल्यावर काय होतं, हे प्रयोगशाळेतल्या कुंडीत दोन-तीन महिन्यांत कळत नाही, आणि यातलं कितीतरी संशोधन कुंडीतलंच आहे.

आता आपली माती घ्या. चीनच्या दक्षिणेकडची जी भातशेती कॅडमियमने नासली ती माती आम्लधर्मी आहे. तिथे कोळसा टाकून पीएच वाढवला की लगेच फरक दिसतो, अर्धं काम तर पीएचच करतो. आपली विदर्भातली काळी जमीन आधीच अल्कधर्मी, पीएच साडेसातपासून साडेआठपर्यंत सर्रास, वरून चुनखडी. भावाच्या मातीचा पीएच आठच्या वर निघाला. शिवाय आपल्या काळ्या मातीतली ती चिकण, जी पावसाळ्यात चपलेला दोन किलो चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती स्वतःच धातूचे धन आयन धरून ठेवण्यात तरबेज आहे. म्हणजे जे काम कोळसा तिकडे करतो त्यातलं बरंचसं आपली माती आधीच फुकटात करून राहिली. मग तिकडचे आकडे इकडे कसे चालतील? लाल आम्ल मातीत पालकातलं कॅडमियम निम्मं झालं म्हणून नागपुरातही निम्मं होईल असं छापून कोणी पोतं विकत असेल तर त्याला विचारा, कोणत्या मातीत पाहिलं रे बाबा.

आणि याहून वाईट भाग पुढे आहे. सगळेच धातू धन भाराचे नसतात. आर्सेनिक (तसा तो पूर्ण धातू नाही, पण या यादीत कायम असतो) आणि सहा संयुजेचा क्रोमियम, हे मातीत ऋण भाराचे आयन म्हणून फिरतात. साध्या कोळशाचा पृष्ठभागही ऋण, म्हणजे चिकटायच्या ऐवजी ढकलाढकली. त्यात पीएच वाढवला तर हे दोघे उलट जास्त मोकळे होतात, आणि कोळशातलं फॉस्फेट आर्सेनिकची जागा बळकावून त्याला बाहेर काढतं. म्हणजे शिशासाठी घेतलेलं औषध आर्सेनिकसाठी विष ठरू शकतं. ही गोष्ट नागपूरसाठी पुस्तकी नाही. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आपल्या दाराशी आहेत, कोळशाच्या राखेत आर्सेनिक, क्रोमियम, शिसं, पारा सगळंच थोडंथोडं असतं, आणि जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटून ती राखाडी गाळवट आसपास कशी पसरली त्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. अशा ठिकाणी कोणी चांगल्या मनाने पऱ्हाटीचा कोळसा नेऊन टाकला तर फायदा होईल की घोटाळा, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणूनच तर मॉडिफाइड हा शब्द आला, आणि इथे मी त्या संशोधकांना मनापासून मानतो. लोखंडाच्या क्षारात, म्हणजे फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणात पऱ्हाटी किंवा कोळसा भिजवून परत भाजला की त्याच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर बसतो आणि तो आर्सेनिकला पकडतो. शून्य संयुजेचं अतिसूक्ष्म लोखंड बसवलं तर ते सहाच्या क्रोमियमचा तीनचा क्रोमियम करतं, आणि तीनचा क्रोमियम बराच कमी विषारी, विरघळतही नाही फारसा. मॅंगनीज ऑक्साइड चढवलं तर शिसं-कॅडमियम जास्त बसतं. गंधकाने, चिकणमातीने, आम्लाने, अल्कलीने, नाना प्रकार आहेत. म्हणजे हा वैद्याचा बटवा आहे, रोग पाहून पुडी. आणि आपल्याकडे काय होणार ते मला आत्ताच दिसतंय, एकच पुडी, एकच रंगाचं पोतं, वर हिरवं पान आणि 'सर्व जड धातूंवर गुणकारी'.

पुडी चुकली तर काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. मौदा, रामटेक, कुही या पट्ट्यात धान होतो. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, मग लोखंडाचा तो थर विरघळायला लागतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. बांधी कोरडी ठेवली तर आर्सेनिक गप्प बसतं पण कॅडमियम मोकळं होतं. एकाला दाबावं तर दुसरं वर येतं. आणि जो माणूस कापसात भाजी करतो आणि बाजूच्या बांधीत धान, त्याला एकाच वावरात दोन वेगळ्या पुड्या लागणार. हे कृषी सहायक कधी समजावून सांगणार, त्याच्याकडे आधीच किती गावं आहेत.

संत्र्याचंही सांगून ठेवतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत संत्र्याला जस्त आणि लोह मिळत नाही म्हणून पानं पिवळी पडतात, बागवाले फवारण्या करून करून थकले. कोळसा जस्ताला आणि शिशाला नाव विचारून पकडत नाही हो. जास्त टाकला तर विषासोबत औषधही बांधलं जाणार.

आता हिशोब. एका एकराची वरची अर्धा फूट माती म्हणजे अंदाजे आठशे टन. प्रयोगांमध्ये कोळसा मातीच्या वजनाच्या साधारण १ ते ५ टक्के टाकतात. आपण सगळ्यात कमी, १ टक्का धरू, तर एकरी ८ टन झाला. पऱ्हाटीच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा कोळसा निघतो, म्हणजे ८ टनांसाठी २५-३० टन वाळलेली पऱ्हाटी. एका एकरात चांगलं पीक असेल तर टन-सव्वा टन पऱ्हाटी निघते. म्हणजे एक एकर पालक सुधारायला वीस-पंचवीस एकरांची पऱ्हाटी पाहिजे! आमची दोन पोती आठवा. किलोला दहा रुपये जरी धरले तरी एकरी ८० हजार झाले, आणि हा साधा कोळसा, लोखंड चढवलेला नाही. ते चढवायचं तर रसायन आलं, धुणं आलं, धुतलेलं आंबट पाणी आलं, आणि ते पाणी पुन्हा कुठे सोडणार, नाल्यातच नं?

हे ८० हजार कोणी द्यायचे? भावाने तर घाण केली नाही. त्याने उलट आपल्या संडास-मोरीचं पाणी उचलून त्याचा पालक करून आपल्यालाच परत दिला. माझ्या मते सगळ्या चर्चेत हा प्रश्न पहिल्या नंबरवर पाहिजे आणि तो सगळ्यात शेवटी येतो, बहुतेक वेळा येतच नाही. बायोचार हा शेतकरी-प्रशिक्षणाचा विषय करून टाकला की प्रदूषणाचा विषय राहतच नाही, सफाईचं काम आपोआप ज्याच्या अंगणात कचरा पडला त्याच्याकडे जातं.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, त्यात ज्याने दूषित केलं त्याने खर्च द्यायचा हे तत्त्व आहे, चांगलं आहे. पण खाणीमुळे झालेलं प्रदूषण आणि कचऱ्याच्या डम्पिंग यार्डमधून झालेलं प्रदूषण त्यातून बाहेर ठेवलंय, त्यांचे कायदे वेगळे म्हणून. म्हणजे आपल्या भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डचा प्रश्न तिथून सुटणार नाही. आणि नाग नदीचं काय, तिथे दूषित करणारा एक कारखाना नाही, अख्खं शहर आहे, तुम्ही-आम्ही आहोत. माझं म्हणणं मग सरळ आहे, शहराने द्यावे. नाग नदीच्या सफाईसाठी १,९०० कोटींच्या वरचा प्रकल्प मंजूर आहे, त्यात खालच्या अंगाच्या वावरांची माती हा एक भाग धरायला काय हरकत आहे? नदी स्वच्छ झाली तरी इतक्या वर्षांत मातीत बसलेलं बसलेलंच राहणार आहे. आणि उलटही खरं, नदीचं पाणी तसंच ठेवून वर कोळसा टाकत राहिलो तर नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार.

जपानमध्ये जिंझू नदीच्या काठावर खाणीतून आलेलं कॅडमियम भातात गेलं, लोकांची हाडं ठिसूळ झाली, 'इताई-इताई' म्हणजे दुखतंय-दुखतंय असंच त्या रोगाचं नाव पडलं, १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणामुळे झालेला आजार म्हणून मान्य केला. मग तिथली माती बदलायचं काम ३३ वर्षं चाललं, २०१२ मध्ये संपलं. खाण कंपनीला कोर्टात खेचलं म्हणून हे झालं, गावच्या शेतकऱ्यांना कोळसा बनवायचं ट्रेनिंग देऊन नाही.

बरं, मोजायचं म्हटलं तरी आपली तयारी काय आहे? मृदा आरोग्य पत्रिका, ते सॉइल हेल्थ कार्ड, २०१५ पासून वाटून राहिले. त्यात १२ गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मॅंगनीज, बोरॉन, पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही, आर्सेनिक नाही. आम्ही भावाची माती पिशवीत भरून एका लॅबमध्ये नेली, काउंटरवरच्या पोराने विचारलं, "कार्डवालं करायचं ना?" मी म्हटलं जड धातू पाहिजेत, तर तो आत जाऊन आला आणि म्हणाला एकेका धातूचे वेगळे पैसे लागतील, आणि शेतकऱ्याकडून कोणी मागत नाही हो हे, कंपनीवाले करतात. चार धातूंचं त्याने जे सांगितलं ते ऐकून भाऊ म्हणाला, "राहू दे, कार्डवालंच कर." तर पीएच कळला, सेंद्रिय कर्ब कळला. ज्यासाठी गेलो होतो ते पिशवीतच राहिलं.

यात चीड येण्यासारखी गोष्ट ही आहे की हे सगळं करायला नागपूरपेक्षा चांगली जागा देशात शोधून सापडणार नाही. नीरी, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, इथे आहे, १९५८ पासून. देशभरातल्या मातीचे नकाशे काढणारी मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था अमरावती रोडला आहे. कापूस संशोधन संस्था आहे, जिच्या नाकासमोर पऱ्हाटी जळते. लिंबूवर्गीय फळांची आहे. नीरीने तर मागे गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी, जिवाणू, बुरशी वापरून झाडं उभी करून दाखवली, म्हणजे बिघडलेली जागा सुधारायचा अनुभव याच शहरात पडलेला आहे. या चौघांनी मिळून नाग नदीकाठची दहा वावरं, राखेच्या पट्ट्यातली दहा वावरं भाड्याने घ्यावी, शेतकऱ्याला हंगामाचे पैसे द्यावे, आणि पाच वर्षं मोजावं, मातीत किती, भाजीत किती, दरवर्षी, आणि आकडे मराठीत गावाच्या पंचायतीत लावावे. कुंडीत नाही, वावरात.

माझे एक मित्र म्हणतात, तुम्ही संशोधन-संशोधन करत बसा, तोपर्यंत पोरं शिसं खातील त्याचं काय. मुद्दा बरोबर आहे. मग तोपर्यंत जे स्वस्तात होतं ते करू ना. पालेभाजी जड धातू सगळ्यात जास्त उचलते, फळभाजी त्याहून कमी, आणि कापूस किंवा झेंडू पिकवला तर प्रश्न पोटापर्यंत फारसा येत नाही. नदीकाठच्या पट्ट्यात पालक-मेथीऐवजी झेंडू लावा म्हणायला कोळसा लागत नाही, कागद लागतो आणि पैसे लागतात. कारण पालक महिन्याभरात कापायला येतो, रोज हातात रोकडा, झेंडूचं तसं नाही, दसरा-दिवाळी गाठली तर गाठली. तो फरक भरून द्या, माणूस पीक बदलेल. न देता नुसतं ज्ञान दिलं तर तो तुमचं ऐकून घेईल, चहा पाजेल, आणि पालकच लावेल, मीही तेच केलं असतं.

अजून एक गंमत. बायोचारला सध्या जो जोर आलाय तो मातीसाठी नाहीच, कार्बन क्रेडिटसाठी आहे, म्हणजे कार्बन कोळशाच्या रूपात मातीत पुरायचा आणि त्याचे पैसे कंपन्यांकडून घ्यायचे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह नावाच्या भारतीय कंपनीसोबत अशाच १ लाख टनांच्या कार्बन क्रेडिटचा करार केला. वाईट नाही, पऱ्हाटी उघड्यावर जाळून धूर करण्यापेक्षा बरं. पण कार्बन शेकडो वर्षं टिकवायचा तर कोळसा जास्त तापमानाला भाजतात, आणि धातूला धरणारे जे रासायनिक हात असतात ते जास्त तापमानाला गळून जातात, कमी तापमानाच्या कोळशावर ते जास्त असतात. दोन वेगवेगळी कामं, दोन वेगळे कोळसे. क्रेडिटवाल्याचं काम कोळसा मातीत गेला की संपलं, त्या मातीत आर्सेनिक होतं का हे त्याच्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नसेल तर त्याला दोष तरी काय द्यायचा. आणि उद्या कोणी सांडपाण्याच्या गाळाचा बायोचार करू म्हणेल, कच्चा माल फुकट आहे म्हणून, तर गाळातले धातू भट्टीत बहुतेक जात नाहीत, गाळ कमी होतो आणि धातू दाट होतो, हे लक्षात असू द्या.

भावाने ती दोन पोती शेवटी शेणखताच्या ढिगात मिसळून टाकली, वांग्याला टाकीन म्हणाला. लॅबमधून परत आणलेली मातीची पिशवी अजून माझ्या स्कूटीच्या डिक्कीत आहे, बायकोने दोनदा विचारलं हे काय ठेवलंय. पालकाचं वावर तसंच आहे, मोटर रोज सकाळी सहाला सुरू होते.